चौगुलेबाईंचा अबोला

मालन चौगुले नवऱ्याशी नऊ वर्षं बोलल्या नव्हत्या, आणि गल्लीत कुणाला त्याचं काही वाटायचंही बंद झालं होतं. नवा भाडेकरू आला की त्याला पाणी कधी येतं ते सांगायचे, कचऱ्याची गाडी कधी येते ते सांगायचे, आणि मग सांगायचे, "चौगुलेबाई त्यांच्या मालकांशी बोलत नाहीत. निरोप असला तर दोघांना वेगवेगळा द्यायचा." भाडेकरू हसायचा. महिन्याभरात त्यालाही सवय व्हायची.

घर मात्र कुठे अडत नव्हतं. मालनबाईंनी कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेत उभी हयात पी.टी. शिकवली होती. सगळ्या शाळेला शिट्टीवर आणि हातांच्या इशाऱ्यांवर उठवणारी-बसवणारी बाई, तिला एक नवरा हाकायला शब्द कशाला लागतात? एक टाळी म्हणजे जेवायला या. दोन टाळ्या म्हणजे गोळी राहिलीय. चपला उंबऱ्याबाहेर तोंड करून ठेवल्या की समजायचं, फिरून या, घरात माझं काम चाललंय. भांडं जोरात आपटलं तर ओला टॉवेल पलंगावर टाकलेला दिसलाय. शामराव एस.टी.त कंट्रोलर होते, त्यामुळे त्यांचंही आयुष्य शिट्ट्या आणि हातवाऱ्यांतच गेलेलं. पहिलं वर्षभर त्यांनी बोलून पाहिलं, गयावया केली, मग त्यांनीही तोंड मिटून घेतलं.

चहाचा कप मात्र त्यांच्यापुढे आला की कपाचा कान बरोबर त्यांच्या उजव्या हाताकडे असायचा. रागाच्या दिवशीही असायचा. एकच गोष्ट मालनबाई कधी करत नसत. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत.

त्या वर्षीच्या थंडीत शामरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी त्यांच्यापुढे चहा आला, तेव्हा कपाचा कान डावीकडे वळलेला होता. शामराव त्या कपाकडे बराच वेळ बघत बसले. मालनबाई तोवर पाठ फिरवून पडदे झटकत होत्या.

त्याच दिवशी घरात तिसरा आला. त्याचं नाव 'हितचिंतक'.

दिसायला ते मशीन भाकरीएवढं, पांढरं, भिंतीवर चिकटवायचं. नव्या ज्येष्ठ सुरक्षा कायद्यानं ते सक्तीचं झालं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडायचं, तर आधी त्याच्या खोलीत हितचिंतक लागला पाहिजे. कायद्यामागचं कारण खोटं नव्हतं. आजारी म्हाताऱ्यांचे घरात हाल होतात, आणि ते तोंडानं कधी सांगत नाहीत. पोटच्या पोराविरुद्ध कोण सांगेल? पण अंग सांगतं, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. मनात काही आलं की चेहऱ्याचे स्नायू निमिषभर हलतात, माणूस सावरून घ्यायच्या आत. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शिवाय हितचिंतकातून अगदी बारीक रेडिओलहरी निघत. त्या माणसाच्या छातीवर आपटून परत येत, आणि त्यावरून श्वास किती खोल, हृदयाचे ठोके किती, हे अंगाला हात न लावता कळे. पावलं कुणाकडे वळलेली आहेत, कोण कुणापासून किती लांब उभं राहतं, कुणाची नजर कुणाला टाळते, हे सगळं ते मोजायचं. लाखो घरांतली चित्रणं दाखवून त्याला शिकवलेलं होतं की माया अशी दिसते, हेळसांड अशी दिसते आणि भीती अशी. मग त्याच्या कडेला दिवा लागायचा. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. लाल दिवा टिकून राहिला की संरक्षण अधिकारी घरी येणार, चौकशी करणार, आणि गरज वाटली तर आजारी माणसाला गारगोटी रस्त्यावरच्या आधार केंद्रात हलवणार.

मालनबाईंनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं आणि कामाला लागल्या.

गल्ली मात्र शहाणी निघाली. हितचिंतकाला काय आवडतं हे लोकांनी कायदा आल्यावर दोन-चार महिन्यांतच शोधून काढलं होतं. बोलताना जरा पुढं वाकायचं. खांद्यावर हात ठेवायचा. हसताना नुसते ओठ हलवून भागत नाही, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या पाहिजेत. याचे क्लास निघाले. पलीकडच्या बोळातली एक सून सासूला कालचं शिळं वाढायची, पण काय प्रेमानं वाढायची! वाकून, हसून, पाठीवरून हात फिरवून. तिचा दिवा कायम हिरवा. सासू बिचारी दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि तिच्या डोक्यावर भिंतीवर हिरवा उजेड पडलेला असायचा.

मालनबाईंच्या घरातला दिवा आठवड्याच्या आत लाल झाला.

अहवाल पुण्याला मुलाच्या फोनवर गेला आणि संग्राम पहिल्या गाडीनं आला. आल्या आल्या त्यानं अहवाल वाचून दाखवायला सुरुवात केली. काळजी घेणारी व्यक्ती रुग्णाशी एक शब्दही बोलत नाही. नजर देत नाही. पाठ करून उभी राहते. जबडा आवळलेला असतो. वारंवार भांड्यांचे आणि टाळ्यांचे मोठे आवाज करते.

"टाळी म्हणजे जेवण," मालनबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "त्याला सांग की."

"आई, ते मशीन आहे. त्याला काय सांगणार?"

"मग त्याचं मी कशाला ऐकू?"

संग्राम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "सोमवारी अधिकारी यायलाय. दिवा लाल राहिला तर बाबांना नेतील. तुला कळायलंय का? नेतील! आणि तुला करायचंय काय? चार शब्द बोलायचेत. 'अहो, जेवला का, बरं वाटतंय का,' एवढंच. मनात नसलं तरी बोल. सगळी गल्ली करतीय."

"म्हणूनच मी करणार नाही."

"हट्ट किती करायचा माणसानं!"

"हट्ट नव्हे रे." लाटणं थांबलं. "नऊ वर्षं मी तोंड उघडलं नाही, ते काय गंमत म्हणून? आता ह्या भाकरीएवढ्या डब्याला बरं वाटावं म्हणून उघडू? मग ते बोलणं ह्यांच्याशी झालं की डब्याशी?"

आईचा अबोला का सुरू झाला ते संग्रामला पुरतं ठाऊक होतं, आणि त्यात आपलंही नाव आहे हेही ठाऊक होतं. कारण तो दिवस त्याच्याच लग्नाचा होता.

मे महिना होता. मांडव भरलेला. पहाटे मालनबाईंच्या माहेराहून, गडहिंग्लजहून, त्यांच्या भावाचा फोन आला तो शामरावांनी घेतला. सासूबाई झोपेतच गेल्या होत्या. शामरावांनी फोन खिशात ठेवला आणि कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर सुतक लागणार, लग्न थांबणार, मुलीकडची माणसं परत फिरणार. आधी अक्षता पडू देत, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. असं ठरवणारे ते काही पहिले नव्हते. आपल्याकडे किती मांडवांत असा एकजण असतो, ज्याला माहीत असतं आणि जो पंगतीत वाढत फिरतो. पण उन्हाळ्याच्या दिवसांत गडहिंग्लजला मढं किती वेळ ठेवणार? दुपारी भावानं उरकून घेतलं. मालनबाई पोचल्या तेव्हा राख होती. आई सरणावर होती त्या वेळी लेक मुलाच्या वरातीत फुगडी घालत होती.

एवढंच असतं तर कदाचित त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या आणि कधीतरी बोलल्या असत्या. त्यांना खरं खात होतं ते वेगळंच. त्या सकाळी शामरावांच्या डोक्याला फेटा बांधला जात होता, तेव्हा त्यांचे हात कापताना मालनबाईंनी पाहिले होते. डोळे लाल झालेले पाहिले होते. आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, "पोरगी सासरी चाललीय काय तुमची? सून यायलीय घरात!" मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या मुलीच्या पोटात दुखतंय ते चालीवरून ओळखणारी बाई, आणि आपल्या माणसाच्या तोंडावर आईचं मरण लिहिलेलं तिला वाचता आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघणंच सोडलं. राग नवऱ्यावर होताच. तितकाच स्वतःच्या डोळ्यांवर होता.

सोमवारी संरक्षण अधिकारी आल्या. मैथिली केसकर, तिशीतली, साधा कुर्ता, काखेत टॅबलेट. आधी चपला बाहेर काढून आत आल्या, शामरावांच्या पाठीला काही जखम आहे का पाहिलं, चादर हुंगून पाहिली, औषधांच्या पट्ट्या तपासल्या. चादर स्वच्छ होती. पाठीवर साधा लाल डागही नव्हता. मैथिलीच्या कपाळावर आठी पडली, कारण असं लाल दिव्याच्या घरात सहसा नसतं.

"काकू, तुम्ही काकांचं सगळं नीट करता," त्या म्हणाल्या. "मग बोलत का नाही?"

"तो आमचा प्रश्न आहे."

"कायद्यानं तो आता माझाही झालाय." मैथिलीचा आवाज चढला नाही. त्यांनी टॅबलेट फिरवून मालनबाईंसमोर धरला. "तुमचं बोलणं-न बोलणं बाजूला ठेवू. हे बघा. ही रेघ काकांच्या हृदयाच्या ठोक्यांची. संग्राम खोलीत येतात, रेघ सरळ. दवाखान्यातली नर्स तपासायला येते, सरळ. तुम्ही दारात पाऊल टाकता आणि ही बघा कशी वर चढते. रोज. दिवसातून जितक्या वेळा तुम्ही येता, तितक्या वेळा. श्वास अडकतो, डाव्या हाताची बोटं आवळली जातात. काकू, यंत्र याला भीती म्हणतं. काका तुम्हाला घाबरतात."

मालनबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. ते हात खाली आले. त्यांनी ती चढणारी रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. माझी भीती? ज्या माणसाला रोज हातानं भरवते, त्याला माझी भीती? तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं, पण तेच तर त्यांनी सोडलं होतं.

"आई, बोल गं," संग्राम मागून रडकुंडीला येऊन म्हणाला. "आत्ता बोल. ह्या मॅडमसमोर. एकदाच."

मैथिलीही म्हणाल्या, "तुम्ही आठवडाभर जरी नीट बोललात, तरी दिवा पिवळा होईल. मला मुदत वाढवता येईल. मलाही त्यांना हलवायची हौस नाही."

मालनबाईंनी पदर खोचला. आवाज बाहेर आला तो मैदानावरचा होता.

"ऐका मॅडम. तुमच्या ह्या डब्यानं माझ्यात राग बघितला ना? बरोबर बघितलं. आहे मला राग. चांगला नऊ वर्षांचा आहे, आणि तो मी लपवलेला नाही. त्या रागासकट मी ह्यांना अंघोळ घालते, त्या रागासकट रात्री चारदा उठून कूस बदलते. राग आला की माया घर सोडून जाते, असं तुमच्या डब्याला कुणी शिकवलं? त्याला शिकवणाऱ्यांची लग्नं झाली होती का? पलीकडच्या बोळात जाऊन बघा. तिथं हिरव्या दिव्याखाली म्हातारी उपाशी मरायलीय, आणि तिची सून हसून हसून दमलीय. मला तसलं हसता येत नाही, मी शिकणारही नाही. मी जेव्हा बोलेन तेव्हा माझ्या माणसाशी बोलेन, माझं मन होईल तेव्हा बोलेन. न्यायचं असलं तर न्या त्यांना. मी रोज गारगोटी रस्त्याला येईन आणि तिथं येऊन बोलणार नाही!"

भिंतीवरचा दिवा अधिकच लाल झाल्यासारखा वाटला.

तेवढ्यात थाप ऐकू आली. शामरावांना टाळी वाजवता येत नव्हती, एकच हात चालत होता. इकडे बघा म्हणून त्यांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली होती. एक. मग आणखी एक. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मालनबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"भीती..." शामरावांची जीभ अडखळली. त्यांनी ओठ पुसला आणि पुन्हा जोर लावला. "भीती नव्हं."

मैथिली त्यांच्या पलंगाशी जाऊन गुडघ्यांवर बसल्या. "मग काय होतं काका? काकू आल्या की ठोके का वाढतात?"

"ती आली की..." शब्दाशब्दाला दम लागत होता. "दारात पाऊल वाजलं की... वाटतंय... आज बोलंल."

मैथिली उठल्या नाहीत. हातातल्या टॅबलेटवरच्या त्या रेघेकडे बघत राहिल्या, जणू ती आत्ताच कुणी काढून दिलीय. मग संग्रामकडे वळून हळूच म्हणाल्या, "यात यंत्राची मोजणी चुकलेली नाही. भीती असो, आनंद असो, कुणाची वाट बघणं असो, हृदय एकाच तऱ्हेनं धावतं, श्वास एकाच तऱ्हेनं अडकतो. अंग हलतंय एवढंच यंत्राला कळतं. का हलतंय, ते त्यानं आजूबाजूला बघून ठरवायचं असतं. त्याला आजूबाजूला न बोलणारी बाई दिसली, आपटलेली भांडी दिसली. त्यानं भीती ठरवली." त्या थांबल्या. "मीही तेच ठरवून आले होते."

मग त्यांनी शामरावांना सरळ विचारलं. कायद्यात तशी सोय होती, फक्त ती कुणी वापरत नसे. आजारी माणूस शुद्धीवर असेल, त्याला सगळं समजत असेल आणि त्याच्यावर दबाव नाही अशी अधिकाऱ्याची खात्री असेल, तर कुठं राहायचं आणि मशीन ठेवायचं की नाही, यात त्याचा शब्द शेवटचा. "काका, कुठं राहणार?"

"हितंच."

"आणि हा हितचिंतक?"

शामरावांनी डावा हात उचलून भिंतीकडे केला. "काढा."

"बाबा!" संग्राम पुढे झाला. "परत झटका आला तर? रात्री कळणार कसं? ते लगेच दवाखान्याला कळवतं, बाकी काही का असेना."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं. उत्तर मालनबाईंनी दिलं, मुलाकडे बघत. "मी आहे की. उद्यापासून माझा पलंग ह्यांच्या पलंगाला लावते. श्वास ऐकू येईल एवढ्यावर."

मैथिलींनी स्वतःच्या हातानं ते मशीन भिंतीवरून उचकटलं. तिथं भिंतीवर फिक्कट गोल राहिला. जाताना दारात चपला घालता घालता त्या थांबल्या आणि पलीकडच्या बोळातलं त्या सुनेचं घर कुठलं ते त्यांनी विचारून घेतलं.

संग्राम दुपारच्या गाडीनं गेला. निघताना आईला नमस्कार करून म्हणाला, "आता तरी?" मालनबाई म्हणाल्या, "गाडी चुकेल तुझी."

संध्याकाळी चहा झाला. मालनबाईंनी कप आणून स्टुलावर ठेवला, कान डावीकडे. रोज कप ठेवून त्या वळायच्या. आज वळल्या नाहीत. खुर्ची ओढली आणि पलंगाच्या समोर घेऊन बसल्या, आणि नऊ वर्षांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

केवढा म्हातारा झाला होता हा माणूस! उजवा ओठ खाली ओघळलेला, भुवया पांढऱ्या, गळ्याची कातडी सैल. हे सगळं केव्हा झालं? हे होत असताना आपण कुठं बघत होतो? त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. शामरावांची डावी मूठ आवळली गेली. श्वास अडकला. आता ते मोजायला भिंतीवर कुणी नव्हतं, पण मालनबाईंना चांगलं दिसत होतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. "त्या दिवशी फेटा बांधून घेताना तुमचे हात कापत होते. ते मला सांगावंसं वाटत होतं म्हणून कापत होते, की मला कळेल ह्या भीतीनं?"

शामरावांनी डोळे मिटले. सांगावंसं वाटत होतं म्हणून, असं म्हणणं किती सोपं होतं. तीन-चार शब्द, आणि नऊ वर्षांचं ओझं अर्धं झालं असतं. खरं-खोटं करणारं मशीन सकाळीच गेलं होतं. विचारणारीनं तर त्या दिवशी त्या हातांचा अर्थ आधीच एकदा चुकवला होता. त्यांनी डोळे उघडले आणि बायकोच्या नजरेला नजर दिली.

"तुला कळंल म्हणून," ते म्हणाले.

मालनबाई बघत राहिल्या. डोळ्यांकडे, ओघळलेल्या ओठाकडे, कपाळाकडे, पुन्हा डोळ्यांकडे. घाई केली नाही. या खेपेला त्यांना नीट वाचता आलं. मग त्यांनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांच्या ओठाच्या कडेला आलेलं पाणी पुसलं, आणि कप उचलून त्यांच्या डाव्या हातात दिला.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "गार व्हायलाय."